अर्ध्या चेहऱ्याचा आशान

—छे छे, तो कॅमेरा राहू द्या पिशवीतच, डॉक्टरसाहेब. तिरुवनंतपुरमहून इतक्या लांब आलात ते कथकळीच्या आशानाचे, म्हणजे गुरूचे, नऊ रस टिपायला, आणि आशान निघाला असा — डावा गाल लोंबतोय, डोळा मिटत नाही, ताक प्यालं तर अर्धं धोतरावर! कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला? गेल्या पावसाळ्यात तोंडावरून वारं गेलं. आता माझा शृंगार बघून म्हशीसुद्धा दावं तोडून पळतील. बसा. बसा म्हणजे थोडंच बसा.

आणि ते सकाळचे फोटो! माझ्या लेकीला, भद्राला दाखवत होतात ते. दात दिसले की आनंद, भुवई वाकडी झाली की राग — हे चेहरे आहेत होय? दंतमंजनाच्या जाहिराती आहेत! ती म्हणाली, 'हा कोण? मी नाही ओळखत याला' — आणि तुम्ही मारलीत फुली. अहो, परक्या माणसाच्या पोटात काय आहे ते तुम्हाला तरी कळतं का? माझ्या पोटातलं कळतंय? कुठलं कळायला — मघापासून नुसते हसताय.

काय म्हणालात, तिच्या मेंदूत बघणाऱ्या भागापासून भावना ओळखणाऱ्या भागापर्यंत जाणारी तार सैल आहे? ऑटिझममध्ये असं असतं? असेल बुवा. पण ही पोर लहानपणी आईच्या रागाला घाबरायची नाही, लाडाला हसायची नाही, आणि मी पहाटे आरशासमोर भुवयांचा रियाज करत बसलो की समोर मांडी घालून — हलायची म्हणून नाही! नऊच्या नऊ रस नुसते बघून पाठ केले तिनं. मग काय, मी घरातही तसाच वागायला लागलो. पायसम आवडलं — डोळे हे एवढे! शेजारी म्हणायचे, आशानांचा घरीपण प्रयोग असतो वाटतं. हसा लेको! तिची आई गेली तेव्हा मी ढसाढसा रडतोय, आणि ही बापाला विचारते, 'अच्छन, डोळ्यात तिखट गेलं का?' — तसा उठलो, डोळे पुसले, आणि सगळ्या भावकीसमोर करुण रस केला. साग्रसंगीत. भुवया वर, हनुवटी थरथरती. मेव्हणा थुंकला माझ्यासमोर — म्हणे, बायकोची तिरडी उठली नाही आणि याला नाटक सुचतंय. थुंक बाबा! पोर येऊन मला चिकटून बसली ना. त्या थुंकणाऱ्याची तरी तार धड होती का, सांगा.

आता तिची तार सैल आणि माझी तुटलेली. गाल असा झाल्यावर ती महिनाभर माझ्या खोलीत यायची नाही — एक बाजू एक सांगते, दुसरी भलतंच. मग तिनंच युक्ती काढली. डाव्या गालावर तळहात ठेवते, नि उजव्या बाजूवरून मला वाचते. अर्ध्या तोंडावर संसार चाललाय आमचा. तोही किती दिवस — मी गेल्यावर तिच्यासाठी एवढं तोंड कोण वेंगाडणार? तुमचं ते यंत्र, माणसाला आत झोपवतात ते — तार जोडून देतं का? … नाही? नुसतं बघतं? मग हवंय कशाला! बघ्यांची काय वानवा आहे गावात? मला वाटलं होतं — काही नाही, काही वाटलं नव्हतं. मी काय पदर पसरायला बसलोय तुमच्यापुढं? मला राग येतो तुम्हा लोकांचा, एवढंच. निव्वळ राग. रौद्र! घ्या लिहून.

ये गं भद्रा, ठेव ते ताक इथं. — आता बघा हं, डॉक्टर, तुमच्या फोटोंपेक्षा बरी परीक्षा. ठेव हात, पोरी. हं. सांग यांना, अच्छनला काय झालंय? … काय? … करुण? नाही गं, नीट बघ, मी चिडलोय यांच्यावर. चिडलोय ना मी? अगं, राग आहे हा, रौ— … नको, हात काढू नकोस. असू दे.

तुम्ही निघा आता, डॉक्टर. बस चुकेल.