रक्तधरा कला आणि रविवारचा फोन

...आणि वर मलाच म्हणते, 'अप्पच्चा, तो पडदा नाही, पेशींचा नुसता एक थर आहे!' थर! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं आयुर्वेद कॉलेजात शारीर, म्हणजे शरीररचना शिकवली मी, निम्म्या कोट्टयमचे वैद्य माझ्या ओरड्याने शहाणे झाले, आणि माझी पोटची मुलगी, जिन्सी, तिकडे आयर्लंडात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते अन् मला अक्कल शिकवते! अहो, आमच्या आचार्यांनी सरळ सांगून ठेवलंय, मांसाच्या आत रक्त धरणारा पडदा, म्हणजे रक्तधरा कला असते, शिरांत असते, यकृतात-प्लीहेत तर असतेच असते. नाहीतर मला सांगा ना, रक्त धरून ठेवतं कोण?

आधी कसं होतं, हिची अम्मा गेल्यापासून रविवारी चर्चहून आलो की फोन. 'जेवलात?' 'जेवलो.' 'गोळी?' 'घेतली.' झालं! दोन मिनिटं! मग अख्खा आठवडा मी आणि भिंती. एकदा चुकून ही कला काढली... आणि काय सांगू, पन्नास मिनिटं! भांडली हो माझ्याशी, लहानपणी भांडायची तश्शी!

'यकृतात त्या थराला भोकं असतात, अप्पच्चा! भोकांचा पडदा रक्त धरणार कसा?'

म्हटलं, 'अगं शहाणे, चाळणी पीठ सोडते, पण कोंडा धरतेच ना? पाणी जातं पलीकडे, तांबड्या पेशी राहतात आत! मग धरून ठेवतं कोण?'

पुढच्या रविवारी मी किलोभर बैलाचं यकृत आणलं, कापून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. ती म्हणते, 'नुसत्या डोळ्यांनी काय दिसणार, डोंबल?' एकटा माणूस, किलोभर यकृत... खोबऱ्याचे काप घालून परतलं आणि चार दिवस तेच खाल्लं. पण मजेत खाल्लं!

असे आठ महिने गेले. मग मला सुचलं, ग्रंथात दाखलाच दिलाय, चिकाच्या झाडाला घाव घातला की चीक, तसं मांसाला घाव घातला की रक्त. आणि माझ्या दारात रबराची दोनशे झाडं! आमचा चीक काढणारा तंकप्पन, त्याच्या हातातली सुरी हिसकावली, दुसऱ्या हातात फोन. तो ओरडतोय, 'वैद्यरे, साल नुसती खरवडायची, लाकडाला लागू देऊ नका!' मी कसला ऐकतोय? खच्चकन लाकडापर्यंत! चीक नेसलेल्या मुंडूवर, चीक फोनवर. तंकप्पन कपाळ बडवतोय, 'चांगल्या झाडाची वाट लावली हो म्हाताऱ्याने!' आणि मी बोंबलतोय, 'बघ जिन्सी, बघ! आता सांग, धरून ठेवतं कोण?'

माझा हात हल्ली थरथरतो. तो दिसला असणार तिला.

मग हळूच म्हणाली, 'तुमचंच बरोबर, अप्पच्चा. तीच ती कला. सुरी ठेवा आणि घरात जा.'

जिंकलो! अहो, जिंकलो मी! आणि पुढच्या रविवारी? 'जेवलात?' 'जेवलो.' 'गोळी?' 'घेतली.' दोन मिनिटं! त्याच्या पुढच्या रविवारी पण तेच! कुणी सांगितलं होतं हो मला जिंकायला?

आता कला आहेत एकूण सात. पहिली तिने मुकाट मान्य केलेली, दुसरी ही अशी गेली, आणि सातवी शुक्राची, ती काय मुलीशी बोलायची? राहिल्या चार. या रविवारी मेदाची काढतो... आणि धडधडीत चुकीचीच सांगतो!