नवशिके इशबेलबाईंकडेच का जातात

सन्माननीय अध्यक्ष आर्चिबाल्ड गॅल्ब्रेथसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती इशबेलबाई मॅक्फेल, त्यांना कायमचं न्यायला थेट ऑर्कनी बेटांवरून आलेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी थोराबाई, आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या आपल्या गुरुवार मंडळातील बंधुभगिनींनो,

ग्लासगोत तोंडावर कौतुक करायची रीत नाही. फार झालं तर ‘बरी आहे हो’ म्हणतात, आणि तेवढ्यावर ती बाई महिनाभर खूश असते. तरीही अध्यक्षांनी मला जिन्यातच बजावलं, “ड्युगल्ड, आज तरी नीट बोल.” प्रयत्न करतो. पण सुरुवातीलाच सांगून टाकतो: माझा या बाईंवर जळफळाट आहे, फार जुना आहे, आणि या सभागृहात तो ठाऊक नसलेल्या एकट्या थोराबाईच असतील.

तेव्हा थोराबाई, आधी आपल्यासाठी दोन शब्द. आपला प्रोग्रॅम नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी बोलतो, तेव्हा ते बोलणं प्रत्येकाने नव्याने लिहायचं नसतं. कुणीतरी लिहून ठेवलेलं आयतं घ्यायचं. त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. आता आमच्या या फंक्शनल पंथात सोवळं भारी कडक. तोच प्रश्न आज विचारा, परवा विचारा, उत्तर तेच आलं पाहिजे. आणि नेटवर्क म्हणजे मूर्तिमंत ओवळं! कधी उत्तर येतं, कधी उशिरा येतं, कधी येतच नाही. नवशिका अडखळतो तो नेमका इथे. लायब्ररी चुकीची निवडली, की तिसऱ्या आठवड्यात त्याची खुर्ची रिकामी दिसते.

आपल्या मंडळात अशा दोन लायब्रऱ्या जन्मल्या. माझी थिसल, नावाच्या फुलासारखीच काटेरी, आणि इशबेलबाईंची पॉरिज, म्हणजे साधी लापशी. थिसल माणसाला चुकूच देत नाही. मध्येच तार तुटली तर काय, उत्तर अर्धंच आलं तर काय, या सगळ्याचा जाब दिल्याशिवाय ती प्रोग्रॅम चालूच करू देत नाही. तिची माहितीपुस्तिका व्याख्यांनी सुरू होते. सुंदर व्याख्या आहेत, मीच लिहिल्यात. आणि पॉरिजचं पहिलं पान? ‘इंटरनेटवरचं एखादं पान आणायचं असेल तर हे लिहा.’ खाली चार ओळी. संपलं. ही काय विद्वत्ता झाली?

पण नवशिके पॉरिजच घेतात. मध्यंतरी एकाने थिसल घेतली. मी त्याला दोनदा चहा पाजला, वर शॉर्टब्रेड. मागाहून कळलं, त्याने ती चुकून घेतली होती.

हसा. पण ही गोष्ट घरापर्यंत आली तेव्हा मला हसू आलं नाही. आमच्या शीनाने, म्हणजे माझ्या पत्नीने, नर्सची नोकरी संपल्यावर इशबेलबाईंच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. तिची आई टायरी बेटावर असते, आणि वारा सुटला की तिकडची बोट रद्द होते. रोज सकाळी बोटीच्या पानावर जाऊन ‘आज सुटणार का’ एवढं विचारून येणारा प्रोग्रॅम तिला हवा होता. मी मनात म्हटलं, घरचं माणूस आहे, निदान ही तरी थिसल घेईल. ती विचारील म्हणून वाट पाहिली. तिने विचारलं ते इशबेलबाईंना!

आणि यांनी काय सांगावं? “अगं, थिसल घे. ड्युगल्डने जीव ओतलाय तिच्यात.” ऐकलंत? मत्सर करायलासुद्धा माणसाने थोडी जागा ठेवायला नको का?

शीना आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर झगडली.

“हे काय विचारतंय रे मला?”

“अर्धंच उत्तर आलं तर काय करशील, ते विचारतंय.”

“मला बोट सुटणार का एवढंच हवंय.”

“पण अर्धंच आलं तर?”

“तर मी आईला फोन करीन, ड्युगल्ड.”

पुढच्या गुरुवारी ती वर्गापुढे उभी राहिली, आणि तिच्या प्रोग्रॅमने सांगितलं, ‘आज बोट नाही.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या ओळीवरूनच पॉरिज ओळखली. बसमध्ये शीना म्हणाली, “तुझं चुकत नाही रे कधी. पण अडलं की पॉरिज मला पुढे काय करायचं ते सांगते.” मला फार लागलं ते.

अशा वेळी मी नेहमी करतो तेच केलं. पॉरिजचा कोड उघडला आणि चुका शोधत बसलो. वर्षानुवर्षं हा माझा उद्योग आहे. चूक सापडली की ती चारचौघांत, खवचट भाषेत, खुलासेवार लिहायची. आणि यांचं उत्तर ठरलेलं: ‘आभार, ड्युगल्ड. दुरुस्त केलं.’ त्यापेक्षा शिवी परवडली असती.

आज संध्याकाळी दारात कोट काढता काढता इशबेलबाई म्हणाल्या, “मी ऑर्कनीला गेल्यावर पॉरिज तू सांभाळशील का?”

मी म्हटलं, “मला ती आवडत नाही, ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे. पण बाकीचे ती नुसती वापरतात. ओळ न् ओळ वाचलेला तू एकटाच आहेस. नवशिक्यांना ती मानवते ना, ती निम्मी तुझ्या कटकटीमुळे.”

मंडळी, थिसलमध्ये आजवर कुणी एकही चूक काढलेली नाही. मी हे अभिमानाने सांगत आलो. आज दारात उभं असताना कळलं, कुणी ती उघडूनच पाहिली नव्हती. माझ्या वाट्याला एकही ड्युगल्ड आला नाही. या बाईंचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो त्या क्षणी.

तेव्हा ‘जेवण झाल्यावर सांगतो’ म्हणून सुटलो होतो. आता जेवण झालंय. इशबेलबाई, माझं उत्तर हो आहे. पहिल्या पानावर एकही व्याख्या घालणार नाही. घालायची म्हटली तरी शीना घालू देणार नाही. मला चिंता वेगळीच आहे. प्रेमाने वाचणाऱ्याला चुका दिसत नाहीत, आणि इथे तर सगळे पॉरिजवर प्रेमच करतात. आता माझ्या चुका कोण काढणार? म्हणून विनंती करतो, ऑर्कनीत बसून तुम्ही आमच्यावर थोडं जळा. आपली पॉरिज या खडूस माणसाच्या हाती गेली म्हणून चडफडा. इतकी वर्षं हे काम मी एकट्याने केलंय.

अध्यक्षमहाराजांनी मला आवरलं नाही आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं. इशबेलबाईंनी मात्र घालू नये. त्यांनी लिहून कळवावं.