वाक्य पुरं होईपर्यंत

“हॅलो? …हॅ… हो, दादा, मीच. …दुकानातच आहे. …नाही, झोपलो नव्हतो. फोन उचलायला वेळ लागला. हात सरसानं भरलेत. …नाही, ‘हॅलो’वर नव्हतो अडकलो. हात भरलेत.”

फ्रेमवाल्यानं रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला. टेबलावर नुकतीच जोडलेली चौकट होती, तिला सरस ओला असेपर्यंत दोरीनं आवळायचं होतं. पलीकडे बायको पुठ्ठा कापत होती. ‘दादा’ ऐकल्याबरोबर तिनं सुरी खाली ठेवली.

“हो, काल आली होती. …तुझीच मुलगी, दुसरी कोण? ‘काका, लग्नात जेवणाआधी तू चार शब्द बोल’ म्हणाली. मी हो म्ह… …नाही, दादा. ‘हो म्हणायला नको होतं’ असं नाही. मी हो म्हटलं, हे सांगत होतो.”

थोरल्याची ही सवय लहानपणापासूनची. धाकटा एखाद्या शब्दावर अडखळला, की थोरला त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा. मायेनंच, एखाद्याच्या हातातली जड पिशवी घ्यावी तसं. फक्त पिशवी बरेचदा भलत्याच घरी पोचायची. ती परत आणायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बोलायचं, त्यापेक्षा आहे तिथे राहू द्यावी हे धाकट्याला सोपं वाटे. वडिलांनी एकदा विचारलं होतं, शिक्षण तर संपलं, आता काय करणार? “मला चित्रं…” एवढं त्याच्या तोंडून आलं आणि थोरल्यानं पुढचं जोडलं, “…फ्रेम करायला शिकायचंय.” त्याला चित्रं काढायची होती. तेव्हापासून तो लोकांच्या चित्रांना चौकटी करत आला. लग्नाच्या वेळी मात्र “मला ती…” यापुढे थोरल्यानं “…पसंत आहे” जोडलं. तेवढं एक बरोबर आलं.

“ऐकतोय. …ऐकतोय, अरे. …मुलाकडची माणसं हसतील. बरं. …हसू देत. …अडकेन ना. दोन-तीनदा तरी नक्की अडकेन. …मग थांबेन, आणि पुढे बोलेन. …सगळे बघत बसतील? बघतीलच, दादा. जेवण आलेलं नसतं, दुसरं करणार काय?”

बायकोनं तोंडावर हात धरला.

“शाळेतलं नाटक? …आठवतंय. …हो, पडदा पाडावा लागला होता. …तू पाडलास. माझं बा… बाकीचं… …नाही. ‘बाकीचं विसरलो होतो’ नाही. बाकीचं पाठ होतं. अजून आहे. म्हणून दाखवू? …बरं, नको.”

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. फ्रेमवाला दोरीचं टोक शोधत ऐकत होता. मग एका ठिकाणी त्याचा हात थांबला.

“…काय म्हणालास? …टाळ्या वाजवतील, पण कीव येऊन.”

हे मात्र बसलं. नेम धरून बसलं असं नाही, थोरला नेम धरणाऱ्यांतला नव्हता. तो सहज जाता जाता बोलायचा, आणि म्हणूनच ते खोल जायचं. फ्रेमवाल्याच्या तोंडात जुनं उत्तर तयार होऊन आलं: बरं बाबा, तूच बोल. ते म्हणायला त्याला कधीच अडखळायला होत नसे. चार शब्द, लोण्यासारखे. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं काही खूण केली नाही, नुसतं पाहिलं.

“दादा, हे मला ला… लागलं. …‘लागू नये म्हणूनच सांगतोय’ हे कळलं. तरी लागलं. …रागावलो नाही. आवाज चढला का माझा? …नाही ना. फक्त सांगतोय. असं पुन्हा म्हणू नकोस.”

“…हो, माझ्या भल्यासाठीच. माहीत आहे. माझं भलं तू कधी एक दिवस चुकवलं नाहीस. …टोमणा नाही. …बरं, थोडा आहे.”

“…लिहून? …नाही, लिहून देणार नाही. …तू वाचायचं नाहीस. …वहिनीनंही नाही. …आधी रेकॉर्ड करून लावायचं? दादा, मी जिवंत आहे अजून. …शेजारी कशाला उभा राहतोस? खुर्चीत बस, पहिल्या रांगेत. …अडकलो तर? तरी खुर्चीतच बस. …जेवण गार होईल, कबूल. गार जेवू.”

“…ऐक ना. …अरे, ऐक. आता मी एक वाक्य बोलणार आहे. ते पुरं होईपर्यंत तू मध्ये पडायचं नाही. …नाही, हे ते वाक्य नव्हे. ते आता येतंय. माझ्या पु… पु…”

शब्द उंबऱ्यावर अडून बसला. पलीकडे थोरल्यानं श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. आता येणार, आत्ता येणार, असं वाटलं. पण आलं काही नाही.

“…माझ्या पुतणीनं मला विचारलंय, तुला नाही. आणि मी तिच्यासाठी बोलणार आहे, कितीही वेळ लागला तरी.”

एवढं बोलून त्यानं रिसीव्हर दुसऱ्या खांद्यावर घेतला.

“…दादा? …आहेस का? मला वाटलं, लाइन गेली. …काय? …तुलाही बोलायचंय? मुलीचा बाप म्हणून, हो. मग बोल की. …सुचत नाही? तुला?”

घरादाराची वाक्यं पुरी करणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सुरू करता येत नव्हतं. फ्रेमवाल्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं.

“कुठपर्यंत आलंय? …‘माझी मुलगी…’ हं. …पुढे?”

थोरला पुढे सरकेना. फ्रेमवाल्याकडे पुढचं तयार होतं. माझी मुलगी म्हणजे घरातला उजेड. माझी मुलगी सासरी जात नाही, आम्हीच पोरके होतोय. एकाहून एक सरस शेवट जिभेवर येऊन उभे राहिले. दुसऱ्याचं वाक्य हातात आयतं सापडलं की किती गोड वाटतं, हे त्याला आज कळलं. बायकोनं भुवया उंचावल्या, सांग की! त्यानं मान हलवली.

“घाई नाही, दादा. मी आहे.”

मग ते आलं. त्याच्या तयार शेवटांपैकी एकही नव्हता तो.

“…‘माझी मुलगी माझ्याशी कधी फारसं बोललीच नाही.’ …हं. …‘मीच बोलत होतो.’ …हं. …नाही, मी काही म्हणत नाही. ऐकतोय.”

टेबलावरचा सरस वाळून गेला होता. चौकटीचा एक कोपरा उघडाच राहिला, तो आता खरवडून पुन्हा करावा लागणार होता. त्यानं दोरी बाजूला ठेवली.

“…वाईट नाही. खोडू नकोस. …पण हे तिथे सगळ्यांपुढे नको. आधी तिला एकटीला सांग. …आणि सांगून झालं, की गप्प बस. …हो, जमेल. मला जमलं ना? …बरं. ठेवतो मी.

…

…दादा? …अरे, थांबलास कशाला? …नाही, पुढे काही नाही. वाक्य संपलं माझं. …खरंच, एवढंच होतं. …हो. ठेव आता.”