शेवटच्याला पहिली चिठ्ठी

सत्याहत्तर साली तुर्भ्याला मतदानाच्या ड्युटीवर माझी कॉलर धरली गेली, ते सांगितलं का तुम्हाला? मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्यांनाच सहीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, म्हणजे त्यांना नंतरही मत देता येतं, त्याही शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. मी चिठ्ठ्या घेऊन रांगेच्या मागच्या टोकाकडे निघालो, तशी आपल्याला वगळलं असं वाटून पुढे बोंब उठली. कारखान्यातून धावत आलेल्या एकाने रांग सोडून माझी कॉलरच धरली.

"इतक्या वर्षांनी मत द्यायला मिळतंय, ते पण कापता?"

मी नियम समजावला. तेवढ्यात मागचे ओरडले, "साहेब, यानं रांग सोडली. याला चिठ्ठी नाही."

तो पांढराफटक पडला. रांगेत त्याच्या मागे उभा असलेला मिठागरातला म्हातारा म्हणाला, "त्याची जागा मी धरून हाय. पन आधी सायबाची कॉलर सोड, बाबा."