मागच्या दारावरचा पाइप

जेमा : तसं नसतं, मिस्टर ग्रीनवुड. आधी तपासणी, मग सही. चहा मात्र आधी चालेल.

क्लिफर्ड : तपास की, नको कोण म्हणतंय? एक्केचाळीस वर्षं प्लंबिंग केलंय मी या टॉडमॉर्डनमध्ये. या गल्लीतल्या निम्म्या घरांत माझ्या हातचे पाइप आहेत.

बेरिल : आणि सख्ख्या बहिणीच्या घरात सहा आठवडे गरम पाणी नाही! पोरी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी किटलीनं पाणी तापवून जिन्यावरून वर नेते आंघोळीला.

जेमा : सहा आठवडे? गरम पाण्याचा नवा सिलिंडर तर बसवलेला दिसतोय.

बेरिल : बसवलाय. सुरू करायला परवान्याचं कार्ड लागतं, आणि याचं मार्चमध्ये संपलं. तरी म्हणे, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

क्लिफर्ड : माझं शेवटचं काम आहे ते. माझ्या बहिणीच्या घरातलं. सिलिंडरबरोबर ते पुस्तक आलंय ना, त्यात बसवणारा म्हणून माझं नाव पाहिजे मला. तुझं नको. तुझं कार्ड चालू आहे, तू खाली 'तपासलं' म्हणून सही कर, बास.

जेमा : सरळ सांगते. काम दुसऱ्यानं केलेलं असलं तरी सही माझी झाली की जबाबदारी माझी. त्यामुळे मी हे असं बघणार, जणू तुम्ही माझ्या हाताखाली आहात.

बेरिल : ऐकलंस का क्लिफ? हाताखाली!

क्लिफर्ड : ऐकलं. बोलण्यात हुशार आहे. हातात काय आहे ते बघू.

जेमा : सांधे छान आहेत. हे वळण हातानं काढलंय?

क्लिफर्ड : पाइपात स्प्रिंग घालून, गुडघ्यावर वाकवून. आता कुणाला येतंय ते?

जेमा : मला येतं. पण इतकं सुबक नाही येत. दाब झेलणारा हवेचा डबा बरोबर भरलाय. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह योग्य जागी. वायरिंग?

क्लिफर्ड : आमच्या पुतण्यानं केलं. तो इलेक्ट्रिशियन आहे, त्याचं कार्ड चालू आहे, विचारायच्या आधीच सांगतो.

बेरिल : मला एक कळत नाही. जुन्या टाकीचं काय वाईट चाललं होतं? माळ्यावर टाकी, खाली सिलिंडर. चाळीस वर्षं कुणी कार्ड मागितलं नाही.

जेमा : जुन्यात पाणी तापून फुगलं तर वर टाकीत जायला मोकळी वाट होती, मिसेस लम्ब. हा चहूकडून बंद आहे, आणि थेट रस्त्याच्या नळाच्या दाबावर भरलेला. म्हणून शॉवर जोरात येणार. पण उद्या थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापतच राहिलं, तर त्याला बाहेर पडायला एकच दार आहे. हा सेफ्टी व्हॉल्व्ह. मिस्टर ग्रीनवुड, यातलं पाणी बाहेर कुठं पडतं?

क्लिफर्ड : मागच्या भिंतीतून. दाराच्या वर, उंच. पांढरा पाइप, वीतभर बाहेर काढलाय.

जेमा : पांढरा म्हणजे प्लास्टिकचा?

क्लिफर्ड : मग काय सोन्याचा? अगं, पाइप उंचावर आणि डोळ्यांसमोर ठेवायचा. ठिबकला की घरवाल्याला दिसलं पाहिजे, डोक्यावर पडलं पाहिजे, म्हणजे तो मुकाट फोन करतो. माझ्या मालकानं मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट आहे ही.

जेमा : माळ्यावरच्या टाकीसाठी बरोबर आहे. ते गार पाणी असतं.

क्लिफर्ड : पाइप तो पाइप. पाणी ते पाणी.

जेमा : कार्डाच्या परीक्षेत हा प्रश्न असतो.

क्लिफर्ड : माहितेय.

बेरिल : तुला कसं माहीत? तू तर गेलाच नव्हतास. आता निवृत्त झालो, कशाला पैसे घालवू, म्हणालास.

क्लिफर्ड : गेलो होतो. दोनदा. कॉम्प्युटरवर असते ती आता. आपण टिचक्या मारायच्या आणि यंत्रानं आपल्याला नापास करायचं.

बेरिल : क्लिफ! मला सांगितलं नाहीस?

क्लिफर्ड : काय सांगू? दोन्हीदा याच प्रश्नाला लाल फुली आली. मी म्हटलं, यंत्र चुकतंय. त्यानं काय कधी पाना धरलाय?

जेमा : मग यंत्राचं सोडा. माझंही सोडा. आपण बघूनच घेऊ. मिसेस लम्ब, मागच्या दाराशी ती खुर्ची आहे ना, गादी ठेवलेली?

बेरिल : माझीच आहे. सकाळचा चहा मी तिथंच घेते. पाऊस असो, थंडी असो. घरात सिगारेट ओढायची नाही असं मी नवऱ्याला, हॅरीला वचन दिलं होतं. तो गेला, वचन राहिलं.

जेमा : खुर्ची तिथंच असू दे. गादी काढा, चहाचा मग तिथं ठेवा, आणि तुम्ही अंगणाच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहा. जवळ यायचं नाही. मिस्टर ग्रीनवुड, तुम्ही खिडकीतून बघा. मी व्हॉल्व्ह हातानं उघडते. सिलिंडर गार आहे, घाबरायचं काही नाही.

क्लिफर्ड : घाबरतंय कोण?

बेरिल : उभी राहिले गं! फाटकापाशी!

जेमा : उघडते. एक, दोन...

बेरिल : अगं बाई! आलं, आलं! हा काय लोट! खुर्चीवर! बरोबर खुर्चीवर पडतंय! माझा मग उलटा केला त्यानं!

जेमा : बंद केला.

(जेमा खिडकीपाशी येते.)

जेमा : हे गार पाणी होतं. खरंच व्हॉल्व्ह उघडायची वेळ येईल तेव्हा ते उकळतं असेल. प्लास्टिकचा पाइप मऊ पडेल, आणि...

क्लिफर्ड : कळलं. पुढचं बोलू नकोस.

बेरिल : (दारातून) माझा चांगला मग होता रे तो. काय झालं? क्लिफ, असा का दिसतोयस?

क्लिफर्ड : तू सकाळी किती वेळ बसतेस तिथं?

बेरिल : बातम्या संपेपर्यंत. अर्धा तास. का?

क्लिफर्ड : काही नाही. माझी करवत कुठंय?

जेमा : थांबा, माझ्या गाडीत तांब्याचा पाइप आहे, मोठ्या मापाचा. भिंतीच्या कडेनं सरळ खाली उतरवू आणि गटाराच्या जाळीखाली सोडू. तासाभराचं काम आहे. मी करते.

क्लिफर्ड : तू शिडी धर. करणार मी.

जेमा : शिडीवर मी चढणार, ते तुमच्या वयाला शोभत नाही. खालची वळणं तुम्ही काढा. गुडघ्यावर. मला बघायचंय कसं काढता ते.

बेरिल : बघ बाई नीट. आणि याला स्टूलवरही चढू देऊ नकोस.

क्लिफर्ड : एवढी वर्षं बरोबर होतो मी, बेरिल.

बेरिल : होतास की. परवापर्यंत होतास. आता उठ, नाहीतर ही पोर सगळं एकटीच करून टाकेल आणि तू आयुष्यभर कुरकुरत बसशील.

*

जेमा : साठ अंश. थर्मोस्टॅटनं बरोबर वीज तोडली. दाब स्थिर. व्हॉल्व्ह पुन्हा उघडून पाहिला, पाणी सगळं जाळीखाली. मिसेस लम्ब, स्वयंपाकघरातला नळ सोडा.

बेरिल : अगं, केवढा जोर! आणि गरम! क्लिफ, हात घाल इकडे. घाल म्हणते ना!

क्लिफर्ड : हं. गरम आहे.

बेरिल : हं काय? सहा आठवड्यांनी पाणी आलंय माणसाला!

जेमा : आता पुस्तक. कार्ड नसताना काम झालंय, म्हणून नगरपालिकेला कळवावं लागेल. त्यांचा माणूस येऊन बघेल. येऊ दे. त्याला इथं बोट दाखवायला जागा मिळणार नाही. तर बसवणारा : क्लिफर्ड ग्रीनवुड. बरोबर?

क्लिफर्ड : नको. तुझंच लिही.

जेमा : जे झालं ते लिहिते मी. बसवलं तुम्ही. तपासलं मी, जेमा शॅकलटन. झालं. करा सही.

क्लिफर्ड : तो पाइप आधी कुठं काढला होता, ते लिहिलंस?

जेमा : त्याची गरज नाही. आता बरोबर आहे ना? आणि चूक लिहायला या पुस्तकात जागाच नसते.

क्लिफर्ड : समासात लिही. पाइप आधी दारावर काढला होता, चूक क्लिफर्ड ग्रीनवुडची. दहा-वीस वर्षांनी कुणीतरी हा सिलिंडर बदलायला येईल आणि पुस्तक उघडेल. माझ्यासारखाच कुणी असला, तर यंत्राचं नाही ऐकायचा तो. माझं ऐकेल.