पत्रकातला तिसरा परिच्छेद

— नाही, पत्रक छान झालंय, सुलाऊ, मी कुठे वाईट म्हणतेय? फोटो चांगला, कागद चांगला — फक्त हा तिसरा परिच्छेद तेवढा काढून टाक. का म्हणजे? लांबतंय. मतदार एवढं वाचत नाहीत. राजधानीत, कुचिंगच्या विधानसभेत पंचवीस वर्षं काढली मी, तेही तू आता मागते आहेस त्याच जागेवरून, तेव्हा एवढं मला कळतं. — चार हजार छापले? छापले असतील. मग शाईनं खोडा. ओसरीवर मुलींना बसव, चटई टाक, दुपारच्या सभेपर्यंत होतील खोडून. अशी बघू नकोस माझ्याकडे. चहा घे, निवतोय.

तुझी अडचण मला समजत नाही असं नाही. तुझ्याजवळ सांगण्यासारखं काय आहे? तू परिचारिका, मीही परिचारिका, सगळ्यांची मिसी. तू बाई, मीही बाई — पण या नदीवरून विधानसभेत गेलेली पहिली बाई मी, आणि पहिलेपण काही वाटून घेता येत नाही. राहता राहिली तुझ्या आईची गोष्ट. ती तुझीच आहे, खरं आहे. सानोक बाळंतपणात गेली, तू वाचलीस, आणि त्या मरणानं मला राजकारणात ओढलं — हे सगळी नदी जाणते. मीच सांगितलंय ना, प्रत्येक लांबघराच्या ओसरीवर, एका छपराखालच्या वीस-वीस कुटुंबांपुढे, पाच निवडणुका. पहिल्या सभेत म्हातारे भाताच्या दारूचे, तुआकचे पेले हातात घेऊन हसत होते — "बाळंतपणं करणारी मिसी तिथे जाऊन काय करणार, मंत्र्यांच्या नाळा कापणार?" मी म्हटलं, "कापीन की, आजोबा, कुणीतरी कापायलाच हव्यात, त्यांची चाळिशी उलटली तरी अजून चिकटूनच आहेत." हसू थांबलं आणि मग मी सानोकची गोष्ट सांगितली. एकही पेला हलला नाही.

आण ते इकडे, वाचते. "दवाखान्याच्या होडीचं इंजिन वाटेत बंद पडलं. होडीवाल्यानं ते नीट राखलं नव्हतं. मिसी रिनाई पोहोचल्या तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली —" शपथ-बिपथ काही नव्हती गं, ती मी तिसऱ्या निवडणुकीत घातली. आणि होडीवाल्याचं हे वाक्य? हे तर मीसुद्धा कधी सभेत बोलले नाही. कुठून आणलंस? — जुन्या सरकारी अहवालातून. बरं. म्हणजे तू दप्तरात जाऊन आलीस.

हे बघ, खाली धक्क्यावर तुझ्या होडीत कोण बसलाय? गाराई. जिंबूनचा मुलगा. हा होडीवाला म्हणजे त्याचाच बाप, आणि त्याच्याच होडीतून तू हे गठ्ठे गावोगाव नेणार! त्याला वाचता येत नाही असं वाटतं का तुला? जिंबूनची नोकरी त्या अहवालानं गेली. लोकांनी त्याला नाव ठेवलं "बुडीत इंजिन" — पोरंसुद्धा म्हणायची. मरेपर्यंत तो त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. चांगला होडीवाला होता, त्याच्याइतका खडकांतून होडी काढणारा मी दुसरा पाहिला नाही — खडकांवरच्या उथळ खळखळाटापाशी त्यानं इंजिन थांबवून वर उचललं, बांबूनं होडी रेटत वर काढली, आणि ते उचललेलं होतं म्हणूनच तर तो आवाज ऐकू आला, नाहीतर —

कसला म्हणजे?

पाण्याचा. पाण्याचा आवाज, दुसरं काय असणार? — नको, पेला ठेव, भरू नकोस.

तू परिचारिका आहेस. नाडी धरल्यासारखी बघत बसलीयेस. मीही अशीच बसायचे, समोरचा आपोआप बोलतो.

केतुपोंग पक्षी बोलला. डावीकडून. एकदा नाही, तीनदा, लागोपाठ. माझे आजोबा पक्ष्यांच्या शकुनांचे जाणकार, ते सांगायचे — वाटेत असा बोलला की थांबायचं, काठावर जाळ करायचा, पान खायचं, उजवीकडून दुसरा पक्षी बोलेपर्यंत उठायचं नाही. मी कुचिंगला तीन वर्षं शिकले, पांढरा गणवेश, बक्षीस मिळवलं होतं — पण कान आजोबांचेच राहिले, सुलाऊ. आणि तुला वाटत असेल मी स्वतःसाठी भ्याले. नाही. त्या आवाजावर पुढे गेलं तर चालणाऱ्याला काही होत नाही. ज्याच्याकडे चाललोय तो दगावतो. मी तुझ्या आईला वाचवायला थांबले.

जिंबून म्हणाला, "मिसी, सरकारी इंजिनाला पक्षी ऐकू येत नाही, चला." तो म्हणाला, चला! मी म्हटलं, होडी काठाला घे. त्यानं घेतली, काड्या गोळा केल्या, जाळ केला, माझ्याकडे पाठ करून बसला. मांडीवर माझी पिशवी — तिच्यात रक्त थांबवायचं इंजेक्शन, तुला मी काय सांगू. एक पान संपलं, दुसरं संपलं. ऊन पाण्यावर आलं तेव्हा उजवीकडून पक्षी बोलला, आणि मी हसले, अगदी हसले, की आता सगळं नीट होणार. वर पोहोचलो तर तू रडत होतीस. सानोकचे हात अजून गरम होते. अर्धा तास, सुलाऊ. फार तर अर्धा तास झाला असेल तिला जाऊन.

आठवड्यानं डॉक्टरसाहेब आले, अहवाल पुढे ठेवला — उशिराचं कारण? लिहू काय, पक्षी बोलला? त्यांच्या सरकारी कागदावर? आमच्यातली पहिली प्रशिक्षित मुलगी, आणि पुढच्या सगळ्या मुलींची वाट त्या एका ओळीनं बंद झाली असती. असं मी स्वतःला सांगितलं. लिहिलं, "इंजिनात बिघाड." "राखलं नव्हतं" हे त्यांनी त्यांच्या मनानं जोडलं, आणि मी खाली सही केली. जिंबूनला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मिसी सांगते तेच." का म्हणाला? कुणास ठाऊक. त्याला वाटलं असेल, पक्षी मानणाऱ्या बाईला साहेबापुढे उघडं पाडायचं नाही.

आणि ते खोटं फुकट गेलं नाही, हेही ऐक! त्याच्याच जोरावर मी विधानसभेत बारा इंजिनं मागितली आणि बाराच्या बारा आणली, वरच्या गावांना दाई-परिचारिका आणल्या. किती बायका वाचल्या? मोजल्यात तू? मी नाही — मी एकच मोजते. मला इथल्या रीतीप्रमाणे कुणी अमक्याची आई म्हणून हाक मारत नाही, मूल नाही मला. सगळे मिसीच म्हणतात, आणि प्रत्येक वेळी —

शिवी दे. तुझा हक्क आहे.

पेन? हे कशाला? मी म्हटलं खोड, तर तूच खोड ना, मला कशाला देतेस — अच्छा. खोडायचं नाही. बदलायचं. माझ्या हातानं.

तुला ठाऊक आहे याचा अर्थ? आज सभेला वरची सगळी लांबघरं येतील. माझं नाव जाईल, ते म्हातारीचं नाव आहे, जाऊ दे. पण तुझं तिकीट माझ्या नावावर मिळालंय. तू पडशील. कदाचित पडशील. — मान हलवतेस, म्हणजे चालेल तुला. असं नुसतं मान हलवणं तुझ्या आईचं, की माझं, माहीत नाही.

दे इकडे. चष्मा दे. अक्षर वाचता येईल ना? हे होडीवाल्याचं वाक्य — गेलं. त्याच्या वर — "इंजिन चालू होतं." तीनच शब्द, बाकीच्या कागदांवर मुली उतरवून घेतील. बाकीचं तू सभेत उभी राहून सांग, मी पुढच्या रांगेत बसते. आणि खाली सही, पूर्ण नावानं, त्या अहवालावर केली होती तशी.

घे. पण सभेआधी हा एक कागद गाराईच्या हातात दे, होडीतच, दुसऱ्या कुणाच्या आधी. — ऐकलंस? ओढली त्यानं इंजिनाची दोरी. पहिल्याच ओढीला. त्या दिवशीही खळखळाट संपल्यावर पहिल्याच ओढीला सुरू झालं असतं.

उठ. जा म्हणते ना. थांबू नकोस आता.