जाकिटाचं माप

"हॅलो? … हॅलो, चांगुणा? … हो, हो, मीच. सुमन. … अगं मोठ्यानं बोल, इथं बर्फ फोडतायत. … सावळीराम शेठ, जरा थांबवा ना ते, मुंबईचा फोन हाय… हां. बोल आता."

भद्रकालीच्या मासळीबाजारातल्या त्या बर्फाच्या दुकानात सुमनबाई सकाळी नऊपासून येऊन बसली होती. मासळीची पाटी रिकामी झाली होती, लुगड्याचा काठ अजून ओला होता. धाकट्या बहिणीनं, चांगुणानं, आठवड्यापूर्वी निरोप धाडला होता की बुधवारी दहाच्या सुमारास दुकानातूनच ट्रंककॉल लावते. दुकान म्हणजे मुंबईला धक्क्याजवळचं, जिथं दोर, नांगर, डांबर असला बोटीचा माल मिळतो. चांगुणाचा नवरा निवृत्ती तिथंच जवळ कामाला होता. दहाचे साडेदहा झाले, तरी सुमनबाई फोनपासून हलली नव्हती.

"पोचलात ना दुकानात? … निवृत्तीराव हायत सोबत? … बरं झालं. मग दाखव म्हणावं जाकिटं. … अगं पाण्यावर तरंगायचं गं, थंडीचं नव्हे! … हां, लाईफ जाकीट."

तिला ते सोमवारच्या आत हवं होतं. धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भिकनराव तिला सगळ्यांदेखत सांगून गेले होते: सोमवारपासून अंगात जाकीट नसेल तर होडीत पाय ठेवायचा नाही, बाई असो की बाप्या.

भिकनरावांचं तसं चुकलं नव्हतं. सुमनबाई आणि तिचा नवरा बहिरू, दोघांनी बावीस वर्षं धरणाच्या पाण्यात एकाच होडीत काढली. तो मागं बसून वल्हवायचा, ती पुढं बसून जाळं ओढायची. दोन वर्षांपूर्वी बहिरू काविळीनं गेला. एकुलती एक मुलगी नवसा सटाण्याकडं नांदत होती. परवाना सुमनबाईच्या नावावर झाला आणि दोन्ही कामं तिच्याच दोन हातांवर आली. ती त्याच्या जागेवर बसायला लागली, तेव्हा होडीचं नाक वर उचलायला लागलं. म्हणून पुढं, जिथं ती स्वतः बसायची, तिथं तिनं दोन मोठे धोंडे आणून ठेवले. मागच्या पंधरवड्यात वारं उठलं, जाळं ओढताना होडी पालथी झाली, आणि अंगात जाकीट नव्हतं.

"सोसायटीचं हाय गं एक. बुचाचं. … कसं म्हणजे, अंगावर विटा बांधल्यासारखं. पुढं दोन, मागं दोन. … बसलं की खालून वर सरकतं, थेट हनुवटीला. मान खाली घालता येत नाय. … अगं, मान खाली नाय घातली तर जाळ्यात काय लागलंय ते कसं दिसायचं? … आणि काखेत कापतं. दिवसभर वल्हं मागं-पुढं, मागं-पुढं, संध्याकाळी हळद लावून बसावं लागतं. … छातीवर? … छातीवर तर…"

तिनं एकदा सावळीरामकडं पाहिलं, पाठ केली आणि पदराआड रिसीव्हर धरला.

"अगं, बाईमाणसासाठी नाय शिवलेलं ते. समजून घे. … हो, हो, तेच. … म्हणून तर तुला सांगितलं ना! आपण दोघी एकाच मापाच्या. लग्नाआधी दोघींत एक चोळी होती, आठवतं? … मग. तुला बसलं म्हणजे मला बसलं. … काय? … नाय, ते नंतर बोलू. … चांगुणा, मी जाकिटासाठी… अगं ऐक ना माझं…"

चांगुणाचं दुसरंच चाललं होतं. बहिरूच्या दहाव्याला आली तेव्हापासून तिचा एकच घोषा होता. होडी विक, मुंबईला ये, माझ्यापाशी राहा.

"माहिती हाय, जागा हाय. … कुठं, स्वयंपाकाच्या ओट्याखाली निजू? … तसं नाय गं, तू प्रेमानंच म्हणतेस. … पण दिवसभर करू काय मी तिथं? … वाटाणे सोलू? … नाय, इथं कोण हाय म्हणतेस ते खरं. कोणी नाय. … संध्याकाळी येते, भाकरी टाकते, खाते. बोलायला भिंत हाय. … पण पाण्यावर तसं वाटत नाय ना. पाण्यावर काम असतं. जरा इकडंतिकडं झालं की जाळं गुंततं, तेवढं ध्यान लागतं. … घरी ध्यान कशात लावू?"

मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सुमनबाईचा हात फोनच्या वायरीशी चाळा करत होता, तो थांबला.

"त्या दिवशी नव्हतं घातलं. … हो, होतं होडीत. काढून ठेवलं होतं. … सांगितलं ना, टोचत होतं. …

काय विचारतेस तू हे? …

कोण? … हो बाई, चालू ठेवा, तोडू नका. चांगुणा, एक्सचेंजची बाई म्हणते तीन मिनिटं झाली, सांग तिला. … हां."

फोन चालू राहिला. सावळीराम उगाचच बर्फावरचा लाकडाचा भुसा सारखा करायला लागला. त्या दिवशी पाण्यात खरं काय झालं, ते सुमनबाईनं कोणालाच सांगितलं नव्हतं. भिकनरावांना वाऱ्याचं सांगितलं, मुलीला तर होडी पालथी झाल्याचंही कळू दिलं नव्हतं.

"ऐक. मुद्दाम नाय काढलं. तुझी शपथ. … पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू… होडी उलटली, खाली गेले, वर आले. पोहता येतं गं मला, पण लुगडं भिजलं की काय वजन होतं तुला माहिती हाय. … तर वर आले. नि हात हलवावेसेच वाटेनात. … भीती नाय वाटली, हेच तर सांगते. वाटायला पाहिजे होती. … थोडाच वेळ. … आता किती म्हणजे! मी काय घड्याळ बांधून बुडाले? …

मग मी ह्यांचं नाव घेतलं. … हो, नावानं. 'बहिरू' म्हणून. … बावीस वर्षांत कधी घेतलं नाय, आजारपणात उशाशी बसले होते तेव्हाही नाय. दोनदा ओरडले. … कोण ऐकणार? पाणी नि बगळे. … पण ओरडायला तोंड उघडलं ना, तर भसकन पाणी गेलं आत. असा ठसका लागला! नि खोकता खोकता हात आपोआप हलायला लागले. … हो ना. … मग होडीचा तळ धरला. आमच्या सोसायटीतल्या मंगळूची होडी येईपर्यंत धरून राहिले. … हसतेस का रडतेस? … दोन्ही नको करू. … नवसाला सांगू नको बरं का, पाचवा महिना हाय तिला. … हॅलो? … चांगुणा?"

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? … हां, निवृत्तीराव. ती कुठं गेली? … बरं, पुसू द्या डोळे. … काय? … काय घालतेय? … जाकीट? आत्ता? लुगड्यावर? … अगंबाई. … कुठलं घालतेय आधी सांगा. … मानेमागं जाड उशी हाय त्याला? ते मोठ्या बोटीवरच्यांचं असेल. बसवा तिला. … खुर्चीवर नको, जमिनीवर. होडीत खुर्ची नसते, निवृत्तीराव. … मांडी नाय, गुडघे वर करून. … हां. आता मागं वळून बघायला सांगा. … अडतंय ना? मग काढा ते. मागं नाय बघता आलं तर वल्हवणार कुठं मी?"

सुमनबाईचा आवाज आता बदलला होता. बहिरू असताना होडीत ती अशीच बोलायची, डावीकडं, जरा थांबा, आता सोडा. सावळीरामनं भुसा सोडून हसू दाबायला तोंडावर हात ठेवला होता.

"दुसरं? … मऊ हाय? … कापूस? … सावरीचा, प्लास्टिकच्या पिशवीत भरून शिवलेला. … चांगलं वाटतंय म्हणते? … वाटेल, उशीच ती. पण पिशवीला भोक पडलं तर? … नाय पडत म्हणतो? त्या दुकानदाराला विचारा, शिंगाडा मासा बघितलाय का कधी. काटा असा घुसतो की बोट सुजतं चार दिवस. नि भोक पडलं की कापूस पाणी पिणार, मग माझ्या गळ्यात ओलं गाठोडं. … नको ते. …

तिसरं बघा. … फोम म्हणजे काय? … स्पंजासारखं, पण पाणी पीत नाय. … खरंच पीत नाय का ते बादलीत बुडवून बघा. … हाय बादली? … बुडवा. वरून दाबा. … आलं वर? … जड झालं? … नाय झालं. हां, घाला तिला. … किती लांब हाय? … बरगडीखाली संपतं? मग बसल्यावर वर यायचं नाय. … काखेत बोटं घालून बघा किती जागा… अहो निवृत्तीराव, बायको हाय तुमची, लाजता काय! … चार बोटं? पुष्कळ झाली. … बाजूला काय हाय, बटणं? … नाड्या. नाड्याच बऱ्या, गारठल्या बोटांनी बटण निघत नाय. आणि पुढून? … सैल करता येतं? … तिला विचारा, छातीवर दाबतं का. … हळू विचारा. … नाय दाबत? नक्की? …

आता काहीतरी द्या तिच्या हातात, वल्हं म्हणून. … झाडू द्या. … मारू द्या चार हात. … कोण हसतंय? … गोदीतले हमाल जमलेत? हसू द्या त्यांना. … चांगुणा वल्हवतेय? … अशी काय नुसती ढवळतेय, पाणी मागं लोटायला सांगा! … हां. … आता डावीकडं वाकायला सांगा, पार खाली, जाळं ओढल्यासारखं. … लागलं हनुवटीला? … नाय लागलं! …

थांबा, एक राहिलं. दोन्ही खांद्यांना धरून जाकीट वर खेचा. जोरात. … अहो, पाण्यातून ओढून काढल्यासारखं. … आता सांगा, जाकीट डोक्यावरून निघालं का ती उठली? … ती उठली? … आख्खी? … मग हेच. हेच घ्या."

ती हसली आणि भिंतीला टेकली. घामानं तिचा कान आणि रिसीव्हर दोन्ही ओले झाले होते.

"रंग? … काय काय हायत? … नारिंगी द्या. … लांबून दिसलं पाहिजे ना. … कुणाला म्हणजे…"

सकाळी ती होडी लोटायची तेव्हा काठावर कोणी उभं नसायचं, परतायची तेव्हाही नसायचं.

"असेल कुणीतरी. मंगळूला दिसेल. … द्या तिच्याकडं. … चांगुणा? … दमलीस? एवढ्यात? … अगं, चार हात मारलेस फक्त! … मस्त हाय म्हणतेस. … अजून अंगात हाय? … नको, नको काढू. राहू दे जरा. … काय नाय, असंच. मला आपलं दिसतंय इथून, तू जाकीट घालून हमालांमध्ये बसलेली. … काय? … तू?"

चांगुणा म्हणत होती की जाकीट ती स्वतःच घेऊन येते, शनिवारी. चार दिवस राहते. सुमनबाईच्या तोंडून जे निघालं ते सवयीनं निघालं. दोन वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती.

"कशाला गं? पोरांच्या शाळा, निवृत्तीरावांचा डबा… एवढ्यासाठी कशाला येतेस? एसटीच्या कंडक्टरकडं दे, मी स्टँडवरून घेईन. … नाय गं, खरंच नको. माझं काय अडत नाय. … हो. … हो, शनिवारच्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं. मी उभी राहते. … बरं. … बरं, ठेव मग. सांभाळून जा. …"

पण तिनं रिसीव्हर खाली ठेवला नाही. पलीकडं दुकानातला गलका ऐकू येत होता, कोणीतरी साखळी ओढत होतं, चांगुणाच्या बांगड्या वाजल्या.

"चांगुणा, हायस ना? … ऐक ना. … नाय, दुसरं काय नाय. … जाकिटाचंच. म्हणजे, कंडक्टर लोक माल कुठंही टाकतात, हरवलं-बिरवलं तर सोमवारी… … तसं नाय. ते नाय म्हणत मी. …

तू खरंच येतेस का? … ये ना. चार दिवस नाय, दोन ये. होडीत नाय बसवत तुला, काठावर उभी राहा नुसती. मी येताना… … हॅलो? … चांगुणा? … हॅलो? ऐकलंस ना मी काय… हॅलो?"

फोनमध्ये आता फक्त घरघर होती. सुमनबाईनं फोनचा खटका दोनदा खाली-वर केला, कान लावून पाहिला. मग रिसीव्हर पदरानं पुसून जागेवर ठेवला आणि पाटी उचलली.

"नको, सावळीराम शेठ. परत नका लावू. … झालं बोलून. … हो, मिळालं. मापाचं मिळालं."